इंचाचा मिलिमीटर

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडे गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. दगड-विटांचे तुकडे, त्यावर जुनं गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, उतारावर पेरलेले अळीव नाहीतर मोहरी आणि सगळ्यात वर सिंहासनावर बसलेले महाराज. चिखलाने भरलेले कपडे धुताना आपण कितीही कुरकुरलो तरी किल्ल्यावर पहिली पणती ठेवायला आपणच हौसेने जातो. जगात या प्रकाराला एक भारदस्त नाव आहे, डायोरामा. १८२२ साली पॅरिसमध्ये लुई दागेर आणि त्याचा भागीदार यांनी रंगवलेल्या प्रचंड पडद्यांवर प्रकाशाचा खेळ दाखवायला सुरुवात केली, तेव्हा हा शब्द आला. पुढे तो मापात बसवलेल्या छोट्या, हुबेहूब देखाव्यांना चिकटला. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात असे देखावे आहेत. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. मुलं तिथे धावणाऱ्या गाड्या बघतात. मी मात्र रुळांच्या आजूबाजूची बोटभर घरं आणि रस्ते बघत उभी राहते.

किल्ल्याची तटबंदी आपल्या मुलांना उपजतच जमते. पण काँक्रीटची भिंत बनवायला सांगितली तर? हायवेच्या मधोमध असतो तो काँक्रीटचा डिव्हायडर, किंवा रस्त्याकडेला माती ढासळू नये म्हणून बांधतात ती संरक्षक भिंत? ‘काकू, त्यात काय बनवायचंय? नुसती राखाडी भिंत तर आहे!’ आमच्या शनिवारच्या वर्गातल्या एका मुलाने मला हेच विचारलं होतं.

हा वर्ग कुठला ते आधी सांगते. मी इतिहास घेऊन बी.ए. झाले, लग्नानंतर घर-संसारात रमले. मुलं मोठी झाल्यावर शहराबाहेरच्या हायवेलगतच्या एका वस्तीत दर शनिवारी मुलांना गोळा करून गोष्टी, चित्रं, हस्तकला असं काहीबाही करू लागले. महिन्यातून एकदा त्यांच्या आयांची बैठक असते. वस्ती रस्त्याच्या एका बाजूला आणि शाळा, रेशनचं दुकान, दवाखाना दुसऱ्या बाजूला. रस्ता रुंद झाला आणि मधोमध काँक्रीटचे ठोकळे एकाला एक लावून अखंड भिंत उभी राहिली. पलीकडे जायला जागा ठेवली ती सहाशे मीटरवर. म्हणजे जायला सहाशे, शाळेपर्यंत परत यायला सहाशे. डोक्यावर रेशनचं ओझं असलेली बाई एवढा फेरा घालेल का? बायका साडी खोचून भिंतीवर चढायच्या, मुलं दप्तर आधी पलीकडे टाकून उडी मारायची. २०२१ साली वस्तीतल्या एका आजींना अशीच उतरताना ट्रकची धडक बसली. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला.

अर्ज आम्ही तीन केले. उत्तरं दोन आली. एकात ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ आणि दुसऱ्यात ‘नागरिक कुठूनही रस्ता ओलांडतात, त्यामुळे निश्चित जागा सांगता येत नाही’ असं म्हटलं होतं. हे दुसरं वाक्य बायकांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवाळीत मुलांनी किल्ला केला होता आणि तो बघता बघता एक मावशी म्हणाल्या, ‘ताई, किल्ला एवढा झकास करतात पोरं, तर आपला रस्ताच का नाही करून दाखवत त्या साहेबांना?’

मग २०२३ च्या जानेवारीपासून सात शनिवार आम्ही रस्ता केला.

पहिला प्रश्न मापाचा. डायोरामात सगळ्यात आधी स्केल ठरवावं लागतं आणि एकदा ठरलं की गवताच्या काडीपासून ट्रकपर्यंत सगळं त्याच मापात यावं लागतं. आमच्या मदतीला वस्तीतलेच एक गवंडीमामा होते. मामांचा सगळा हिशोब फूट-इंचांत आणि मुलांच्या कंपासमधली पट्टी सेंटिमीटरची. यावर आम्ही एकास पंचवीस हे स्केल घेतलं. एका इंचात २५.४ मिलिमीटर असतात. त्याला पंचवीसने भागलं की उरतो जवळजवळ एक मिलिमीटर. म्हणजे रस्त्यावरचा एक इंच तो आमच्या मॉडेलमधला एक मिलिमीटर! भागाकार नको, कॅल्क्युलेटर नको. मामांनी टेपने इंच मोजायचे आणि मुलांनी पट्टीवर तेवढेच मिलिमीटर घ्यायचे. चौथीतली पोरं हे असं सपासप करू लागली की त्यांच्या बाई बघत राहिल्या. सहा फूट बाय तीन फूट प्लायच्या एका तुकड्यात खरा रस्ता साधारण पंचेचाळीस मीटर लांब आणि तेवीस मीटर रुंद मावतो.

दुसरं काम डिव्हायडर मोजण्याचं. भल्या पहाटे, वर्दळ नसताना, मामा आणि दोन बापे टेप घेऊन गेले. आणि मग कळलं की ही ‘नुसती राखाडी भिंत’ नाही. हा आकार अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातून आलेला, म्हणून त्याला जर्सी बॅरिअर म्हणतात. तिथे १९५५ साली तो पहिल्यांदा बसवला तेव्हा जेमतेम अठरा इंच उंच होता. अनुभवाने उंची वाढवत १९५९ पर्यंत ती बत्तीस इंचांवर आली. बुडाशी तो चोवीस इंच रुंद असतो. पहिले तीन इंच सरळ उभे, पुढचे दहा इंच पंचावन्न अंशांचा उतार, त्यावरचे एकोणीस इंच जवळजवळ उभे, आणि माथा सहा इंचांचा. आमच्या रस्त्यावरची मापं याच्याशी तंतोतंत जुळली. हा उतार शोभेचा नाही. भरकटलेल्या गाडीचं चाक त्यावर थोडं चढतं, गाडीचा वेग मोडतो आणि ती समोरून येणाऱ्या गाड्यांत न घुसता आपल्याच बाजूला परत वळते. म्हणजे ही भिंत माणसं वाचवण्यासाठीच आहे, हे आम्ही मुलांना आणि बायकांनाही समजावून सांगितलं. भिंत काढा अशी आमची मागणी नव्हतीच.

पण अपघात झालेल्या आजी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी पुठ्ठ्यावर काढलेल्या आकारावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हितंच पाय घसरतो.’ चाकासाठी केलेला तो उतार चपलेला धरत नाही. उतरणाऱ्या बाईची नजर त्यामुळे पायाकडे असते, रस्त्याकडे नसते.

आता कृती सांगते, कारण तुमच्याही मुलांना ही करता येईल. साच्यासाठी आम्ही जुन्या एक्स-रे फिल्म वापरल्या. आपल्या प्रत्येकीच्या कपाटात सासूबाईंच्या गुडघ्याचे आणि सासऱ्यांच्या छातीचे दोन-चार तरी निघतातच! फिल्म गुळगुळीत असते, त्यामुळे माल तिला चिकटत नाही. घडी पडायला हवी तिथे सुरीने हलकी रेघ ओढायची आणि वाकवायची. दोन टोकांना त्याच आकाराच्या पुठ्ठ्याच्या झडपा लावून त्यांना चिकटपट्टी गुंडाळायची आणि बाहेरून शाडूच्या मातीचा आधार द्यायचा. साचा उलटा ठेवायचा, म्हणजे भिंतीचा माथा खाली आणि बूड वर. वर रुंद, खाली निमुळता असल्यामुळे तुकडा अलगद बाहेर येतो. आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवायला विसरू नये. खरा ठोकळा दहा फुटी, म्हणून आमचा एकशेवीस मिलिमीटरचा. पंचेचाळीस मीटरला असे पंधरा लागले.

खरंखुरं सिमेंट आणि वाळू का नाही, असं मुलांनी विचारलं. कारण सोपं आहे. वाळूचा एक मिलिमीटरचा कण आमच्या रस्त्यावर एक इंचाची खडी होऊन बसतो! शिवाय ओल्या सिमेंटने हातांची साल निघते. म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस. प्रमाण वाटीने घ्यावं, पाणी एक वाटी आणि प्लास्टर दोन वाट्या. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात प्लास्टर भुरभुरवायचं. उलट केलं तर गुठळ्या होतात. रंगवाल्याच्या दुकानात स्टेनरच्या छोट्या बाटल्या मिळतात. त्यातले काळ्याचे चार थेंब आणि पिवळ्याचे दोन पाण्यातच टाकावेत, म्हणजे पुढे कोपरा उडाला तरी आतून पांढरंफटक दिसत नाही. मिश्रण ओतल्यावर साच्याला बोटाने टिचक्या मारायच्या, बुडबुडे वर येतात. दहा-पंधरा मिनिटांत ते घट्ट होतं, तासाभराने काढता येतं आणि सावलीत दोन दिवस वाळवावं लागतं. घट्ट होताना प्लास्टर तापतं, म्हणून मुलांना त्यात हात बुडवू देऊ नये. कोरडं प्लास्टर उडतं तेव्हा नाकाला रुमाल बांधावा. आणि मैत्रिणींनो, उरलेलं मोरीत कधीही ओतू नका. ते पाइपात जाऊन दगड होतं.

कडेची संरक्षक भिंत आठ फुटी. तिच्यासाठी ताटात आइस्क्रीमच्या काड्या शेजारी शेजारी चिकटवून त्यावर प्लास्टरची वडी थापली. काडी एक सेंटिमीटर रुंद, म्हणजे हिशोबाने दहा इंची फळी. वडी सुटली तेव्हा सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ तिच्यावर जसेच्या तसे उमटले होते. ते बघून मामा हरखले. भिंतीतून पाणी निघावं म्हणून चार इंची पाइपची भोकं असतात. तिथे फ्रुटीच्या नळीचे तुकडे बरोब्बर बसले. उघडी पडलेली सळई म्हणून अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार, गेरूत बुडवलेली. थर्माकोल मात्र आम्ही घेतला नाही. सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ मध्येच बंदी आली आहे.

इथपर्यंतचं काम हातांचं होतं. खरी मजा आली ती रंगवताना आणि खरं कामही तिथेच झालं.

पांढऱ्यात काळा मिसळून केलेला राखाडी रंग लावला की भिंत पत्र्याची वाटते. काँक्रीटमध्ये थोडा पिवळसर, थोडा मातकट रंग असतो. मी मुलांना आठवडाभराचा अभ्यास दिला, शाळेत जाता-येता भिंतीकडे बघायचं आणि दिसेल तो रंग वहीत लिहायचा. पुढच्या शनिवारी फळ्यावर यादी झाली. पाण्याच्या भोकांखाली काळे-हिरवे ओघळ. लोणा लागून फुललेला पांढरा पट्टा. सळईखाली तांबडा डाग. बुडाशी लाल मातीचे शिंतोडे. काम एका दिवशी थांबून दुसऱ्या दिवशी सुरू झालं तिथे आडवी रेघ, ही अर्थातच मामांनी दाखवलेली. खालच्या उतारावर टायर घासल्याचे काळे फराटे. एका क्लासची अर्धी फाटलेली जाहिरात. आणि अर्थात, पानाच्या पिचकाऱ्या!

हे सगळं करण्याच्या युक्त्या साध्या आहेत. आधी अॅक्रिलिकचा हात द्यायचा. पोस्टर कलर नको, कारण पुढच्या पाण्याने तो उठतो. त्यावर काळा आणि तपकिरी रंग चहाइतका पातळ करून सगळीकडे सोडायचा. तो खाचांमध्ये जाऊन बसतो. वाळल्यावर फिकट रंगात ब्रश बुडवून तो फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि कडांवरून अलगद फिरवायचा. कडा उजळतात आणि भिंत एकदम जड, दगडी दिसू लागते. ओघळ नेहमी वरून खाली ओढायचे. लोण्यासाठी खडूची पूड, धुळीसाठी विटेची वस्त्रगाळ पूड, पिचकारीसाठी काथ आणि कुंकू. पिचकारीचं काम मुलांनी इतकं मनापासून केलं की मला शेवटी ब्रश काढून घ्यावा लागला.

यादीत एका सहावीतल्या मुलीने लिहिलं होतं, ‘काही ठिकाणी भिंतीचा वरचा कोपरा गुळगुळीत आणि तेलकट काळा आहे.’ मी विचारलं, काही ठिकाणी म्हणजे कुठे? तिला सांगता येईना. तेव्हा मुलांनी पंधराही ठोकळ्यांना नंबर दिले आणि कडेला उभं राहून एकेक बघितला. चौथ्यावर थोडा काळपटपणा होता. नवव्याचा आणि दहाव्याचा माथा मात्र हात लागून लागून झिजला होता, कोपरे गोल झाले होते, उतारावर चपलांचे ओरखडे होते. बाकीचे बारा ठोकळे धूळ सोडली तर कोरे.

लोक कुठूनही ओलांडत नव्हते. नवव्या आणि दहाव्या ठोकळ्यावरून ओलांडत होते. वर्षानुवर्षं किती हात तिथे टेकले, ते भिंतीनेच लिहून ठेवलं होतं. आम्ही मॉडेलवर हे डाग जसेच्या तसे, त्याच नंबरांवर रंगवले. एका बाईंना वाटलं, चौथ्यावर जरा जास्त काळं लावावं, तो त्यांच्या दारासमोर पडतो. मुलांनी ऐकलं नाही. ‘तिथं तेवढं नाहीये ना, मावशी!’

मग माणसं आली. तारेची आणि कागदाच्या लगद्याची. पाच फुटी बाई म्हणजे साठ मिलिमीटरची. पहिलीतली मुलगी साडेतीन फुटांची, म्हणजे बेचाळीस. ती डिव्हायडरमागे उभी केली आणि सगळे गप्प झाले. बत्तीसमागे बेचाळीस, म्हणजे वर राहिले फक्त दहा मिलिमीटर. नुसतं डोकं. एका मुलाने मोबाइल रस्त्यावर आडवा धरला, ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवर. फोटोत भिंतीवर एक लाल ठिपका दिसत होता, ती मुलीची रिबन. आम्ही हे रोज बघत होतो. पण आपण रस्त्याकडे उभ्याने बघतो, मोठ्या माणसाच्या उंचीवरून.

मार्चमध्ये अधिकाऱ्यांबरोबर बैठक ठरली. टेम्पोत गाद्या घालून मॉडेल नेलं. बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवलं आणि मुलांनी त्याच्या टोकाला सुतळी बांधली. सहाशे मीटर भागिले पंचवीस, चोवीस मीटर. सुतळीचं बिंडोळं घेऊन दोन मुलं निघाली. खोलीबाहेर, व्हरांड्यातून, जिना उतरून ती थेट अंगणातल्या झाडापाशी पोहोचली. ‘साहेब, पलीकडे जायची जागा त्या झाडापाशी आहे,’ मुलगी म्हणाली. दोन अधिकारी खिडकीपाशी उठून गेले. एकजण तर सुतळीच्या मागे खालपर्यंत जाऊन आले.

त्यांचीही अडचण खरी होती. जागा मोकळी सोडली की मोटरसायकलवाले तिथूनच वळणार आणि नवे अपघात होणार. आमचे ठोकळे आम्ही मुद्दाम चिकटवले नव्हते. तिथेच, टेबलाशी उभं राहून, मामांनी नववा तुकडा जरा मागे आणि दहावा जरा पुढे सरकवला, दोघांची टोकं एकमेकांच्या आड येतील असा. मधून नागमोडी वाट निघाली, अठ्ठेचाळीस मिलिमीटरची. म्हणजे चार फूट. चालणारा माणूस वळून जातो, मोटरसायकलला वळण घ्यायला जागा पुरत नाही. शिवाय वळताना माणसाचं तोंड आपोआप येणाऱ्या गाड्यांकडे होतं. एक तरुण अभियंता होते, त्यांनी वहीत ते उतरवून घेतलं आणि विचारलं, ‘व्हीलचेअर जाईल का?’ मुलांनी आजींची काठीवाली बाहुली फिरवून दाखवली. व्हीलचेअरची बाहुली आमच्याकडे नव्हती. त्यांनी खिशातलं खोडरबर घेतलं, पट्टीने मापून कापलं आणि वाटेतून सरकवून बघितलं. गेलं.

२०२३ च्या डिसेंबरात नवव्या-दहाव्या ठोकळ्यापाशी वाट झाली. दोन्ही बाजूंना झेब्रा पट्टे, त्याआधी गतिरोधकाच्या पट्ट्या आणि लुकलुकणारा पिवळा दिवा. दिव्याचा खांब हवा होता, तो अजून आलेला नाही. संध्याकाळी सहानंतर तिथे अंधारच असतो. त्यासाठी चौथा अर्ज दिला आहे. आजी आता काठी टेकत त्या वाटेने दवाखान्यात जातात. मधल्या वळणावर त्या थांबतात, भिंतीला हात टेकतात आणि दोन्हीकडे बघतात.

मॉडेल वस्तीतल्या बालवाडीत ठेवलंय. तीन किलो प्लास्टर, रंग, प्लाय असं सगळं मिळून खर्च एका साध्या साडीच्या किमतीइतका आला. तुमच्याही गल्लीत, सोसायटीत अशी एखादी भिंत, पायरी, कट्टा असेलच, ज्याच्याबद्दल सगळे बोलतात पण कुणी मोजलेलं नाही. पुढच्या सुट्टीत मुलांच्या हातात टेप द्या. आमची पोरं सध्या वस्तीमागच्या नाल्यावरचा साकव मोजताहेत. त्याला कठडा नाही. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं त्याची रेघ बाजूच्या भिंतीवर आहे, असं परवा एकीने वहीत लिहून आणलं. रेघ जमिनीपासून एकोणतीस इंचांवर आहे.